हातरुमालाखालच्या बांगड्या

एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजात दोन गोष्टी तापतात, वरच्या मजल्याचे पत्रे आणि प्राचार्यांचं डोकं. त्या दिवशी पेपर अकराचा होता आणि साडेदहालाच दोन्ही तापलेले होते. मी जिना उतरत होते, तेवढ्यात फाटकाशी एक मोटारसायकल येऊन थांबली. पुढे वडील, मागे मुलगा. मुलगा माझा विद्यार्थी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा. त्याला जन्मापासून दिसत नाही. तीन वर्षं तो पहिल्या बाकावर, माझ्या टेबलाच्या अगदी समोर बसत आला होता. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. पाळी संपवून तसेच आले होते, भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले.

त्यांच्याबरोबर आणखी एक जण असायला हवा होता. तो नव्हता.

"म्याडम, पोरगं पडलं की," गाडी स्टँडला लावायच्या आधीच वडील म्हणाले. "माझ्या मेव्हण्याचं. गावाकडनं हिकडंच येत हुतं. गाडी घसरली. हात मोडला त्येचा. उजवाच."

ते पोरगं म्हणजे याचा लेखनिक. ज्याला दिसत नाही त्यानं उत्तर सांगायचं आणि लेखनिकानं ते जसंच्या तसं उतरवायचं, अशी ही पद्धत. बारावी झालेल्या या मामेभावानं आतापर्यंतचे सगळे पेपर लिहिले होते. आता शेवटचा राहिला होता, माझ्याच विषयाचा, इतिहासाचा.

हा पेपर बुडणं परवडणारं नव्हतं. मुलाची एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून निवड झाली होती आणि याच निकालात पदवी हातात पडली तरच ती जागा त्याची होती. नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार तयारच बसलेला. हे सगळं वडिलांनी मला मागेच सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी त्यातलं काहीच काढलं नाही. नुसतं म्हणाले, "बघा, काय व्हतंय का."

मुलगा मात्र गाडीवरून उतरला, काठी उघडली आणि माझ्या दिशेनं बरोबर तोंड करून म्हणाला, "मॅडम, अजून वेळ आहे की."

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या परीक्षेची व्यवस्था माझ्याकडे होती. ती माझ्याकडे आली, कारण विषय निघाला तेव्हा बाकी सगळे पंख्याकडे बघत होते. मग मी नियम वाचून काढले, आणि तेव्हापासून स्टाफरूममध्ये मला 'नियमबाई' म्हणतात. म्हणोत. नियम साधे आहेत. विद्यार्थ्याचा स्वतःचा लेखनिक आला नाही तर तो मिळवून देणं संस्थेचं काम आहे. वेगळी खोली द्यायची, जादा वेळ द्यायचा. लेखनिक त्याच्याहून खालच्या वर्गातला पाहिजे आणि शक्यतो दुसऱ्या शाखेतला, म्हणजे पेपर ज्याचा त्याचाच राहतो. जानेवारीतच मी म्हटलं होतं की अडीअडचणीला आपल्याच कॉलेजातले चार-पाच लेखनिक ठरवून ठेवू. त्यावर उत्तर मिळालं होतं, "बघू की." सोलापुरात 'बघू की' म्हणजे काय, ते सोलापूरकराला सांगायला नको.

मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. मुलाचं नाव काढताच त्यांचा चेहरा मऊ झाला.

"बिचारा," ते म्हणाले.

या शब्दाचा मला फार राग आहे. बिचारा म्हटलं की आपलं काम संपतं आणि समोरच्यानं आभार मानायचे उरतात.

"सर, लेखनिक द्यायला लागेल. आत्ता."

"आपल्या ऑफिसातल्या क्लार्कला बसवा की."

"ते एम.ए. आहेत. चालत नाही."

"मग तुम्हीच लिहून टाका. तुमचाच विषय. पोरगं आपलंच आहे, पास होऊन जाईल. कोण बघतंय?"

हे ते मनापासून बोलत होते, हीच तर पंचाईत होती. आमच्याकडे कुणी आंधळ्या मुलाचं वाईट चिंतत नाही. सगळे त्याला हात धरून पलीकडे न्यायला टपलेले असतात, मग त्याला पलीकडे जायचं असो वा नसो.

"मी लिहिलं तर तो गैरप्रकार होईल, सर. सापडला तर त्याचा सगळा निकाल अडकेल. तुमची-माझी फक्त चौकशी होईल, त्याची नोकरी जाईल."

"तर मग ऑक्टोबरला बसू द्या त्याला."

आता माझा आवाज चढला. केबिनच्या दाराशी उभा असलेला शिपाई आत डोकावून गेला. "लेखनिक देणं ही आपली मेहेरबानी नाही, सर. कायद्यानं आपल्यावर टाकलेलं काम आहे. तो वेळेवर आलाय, हॉलतिकीट घेऊन आलाय. तो आज परत गेला, तर कॉलेजनं लेखनिक दिला नाही असं मी अहवालात लिहीन आणि खाली सही करीन."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शोधा कुणीतरी. मी सही करतो," ते म्हणाले.

शोधा म्हणणं सोपं. सगळी पोरं आपापल्या पेपरला बसायला निघालेली. वाचनालयात पुस्तक परत करायला आलेली एक मुलगी दिसली, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची. शुक्रवार पेठेत राहणारी, घरी तेलुगू बोलणारी, माझ्याशी आयुष्यात एकदाही न बोललेली. तिचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. मी काय ते सांगितलं तशी ती पुस्तक छातीशी धरून मागे सरकली.

"माझ्यामुळं ते नापास झाले तर, मॅडम?"

"तुझ्यामुळं होणार नाही. तू फक्त हात द्यायचास. डोकं बाहेर ठेवून ये."

तिनं आईला फोन लावला. तेलुगूत बराच वेळ काही चाललं. मधे मधे माझ्याकडे बघत होती. मग फोन ठेवून म्हणाली, "आई म्हणते, पुण्याचं काम आहे, जा."

पुण्याचं नव्हे बाई, कायद्याचं आहे, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण घड्याळ बघितलं आणि तिला जिन्याकडे वळवलं.

खोली मिळाली ती भूगोलाची. भिंतीवर फाटके नकाशे, कोपऱ्यात डोकं कलंडलेला पृथ्वीचा गोल, आणि पंखा फिरतोय की नुसता आठवण काढतोय ते न कळण्यासारखा. पण या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून पाठवायला कुणी उरलं नव्हतं. दोन प्राध्यापक निवडणुकीच्या कामाला गेलेले, एक आजारी.

"तुम्हीच बसा," प्राचार्य म्हणाले.

"माझाच विषय आहे, सर. त्या विषयाच्या शिक्षकानं बसू नये."

"मॅडम, आता किती नियम काढणार? आहे का दुसरं कुणी?"

खरंच नव्हतं. अकराला पाच मिनिटं कमी होती. पर्यवेक्षकाशिवाय पेपर सुरू करता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी अहवालावर लिहिलं की दुसरा पर्यवेक्षक उपलब्ध नसल्यानं विषयशिक्षिका बसत आहे, प्राचार्यांची त्यावर सही घेतली आणि आत गेले.

आत त्या दोघांचं बोलणं चाललं होतं. तो तिला त्याची पद्धत समजावत होता. "मी थांबलो की पूर्णविराम. टेबलावर बोट आपटलं की नवा परिच्छेद. खोड म्हटलं की एकच आडवी रेघ. मी चुकतोय असं वाटलं तरी बोलायचं नाही."

"हो दादा," ती म्हणाली. तिनं पेनाचं टोपण काढून ठेवलं.

घंटा झाली. तिनं प्रश्न वाचून दाखवले. पहिले दोन त्यानं असे सोडवले की मला आत कुठंतरी गार वाटलं. ठराविक लयीत वाक्य, थांबा, वाक्य, थांबा. मुलीचा हात धावत होता. बाहेरच्या वऱ्हांड्यात पाणी देणाऱ्या शिपायाच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता.

मग मोठा प्रश्न आला. असहकार चळवळीची कारणं, स्वरूप आणि परिणाम. या प्रश्नाला बरेच गुण होते. बाकी पेपर बरा गेला तरी हा हुकला तर काठावर येऊन पडायची वेळ.

कारणं त्यानं नीट सांगितली. स्वरूपावर आला. पदव्यांचा त्याग, न्यायालयांवर बहिष्कार, विदेशी कापडाची होळी. इथपर्यंत ठीक. आणि मग तो म्हणाला, "मिठाचा कायदा मोडण्यात आला."

माझा हात कपाळावर गेला. मिठाचा सत्याग्रह दहा वर्षांनंतरचा, वेगळ्या चळवळीतला. आणि एकदा मिठात शिरला की तो पुढं कुठं जाणार ते मला पुरतं माहीत होतं. सोलापूरचं पोर कुठल्याही उत्तरात आपल्या गावचा मार्शल लॉ आणतं. तो एकोणीसशे तीसचा, मिठाच्या चळवळीतला. पण विसाव्या शतकावरचा प्रश्न कुठलाही असो, आमची मुलं वळसे घालून तिथं येऊन पोचतात. दोष माझाही असेल. तो भाग शिकवताना मी जरा जास्तच रंगात येते.

तर माझा हात कपाळावर गेला आणि बांगड्या वाजल्या.

तो थांबला. मान किंचित माझ्या बाजूला वळली. "खोड," तो मुलीला म्हणाला. "शेवटचं वाक्य खोड."

मला बरं वाटलं. आपणहून लक्षात आलं म्हणायचं. शहाणं पोर. तो पुढे परिणामांवर गेला. दोन वाक्यांनंतर म्हणाला, "चौरीचौराच्या घटनेनंतर चळवळ मागे घेण्यात आली." उत्तम. अगदी हेच पाहिजे. घाम डोळ्यांत उतरला होता, तो पुसायला मी पदर उचलला. बांगड्या पुन्हा वाजल्या.

"खोड," तो म्हणाला.

मुलीनं मान वर केली. बरोबर वाक्य खोडायचं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं, म्हणजे डोकं काही तिनं पूर्ण बाहेर ठेवलं नव्हतं. पण तिनं रेघ ओढली. ती रेघ ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि पदर हातात तसाच धरून मी माझ्या मनगटाकडे बघितलं.

माझ्या बांगड्या कॉलेजात प्रसिद्ध आहेत. मी हातवारे करून शिकवते. वळणावर आधी बांगड्या येतात आणि मग मॅडम येतात, असं सहकारी म्हणतात. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. इतर मुलं माझा चेहरा बघून उत्तर फिरवतात, ते मी रोज बघत होते आणि हसत होते. पण पहिल्या बाकावरचा हा मुलगा तीन वर्षं काय ऐकत होता, ते मला त्या क्षणी कळलं.

आता त्याचं प्रत्येक वाक्य संपल्यावर येणारा थांबा मला वेगळा ऐकू यायला लागला. तो पूर्णविरामाचा थांबा नव्हता. तो माझी वाट बघत होता. मी गप्प राहिले की वाक्य राहत होतं, मी हलले की जात होतं.

करायला गेले काय आणि झालं काय. ऑफिसातून इथवर मी भांडत आले ते याचा पेपर याचाच राहावा म्हणून. आणि आता माझ्याच हातातून त्याला उत्तर जात होतं. एकदा बरोबर गेलं, एकदा चूक. दोन्ही वेळा तो पेपर त्याचा नव्हता.

त्याला सांगावं तर काय सांगणार? 'बांगड्यांकडे लक्ष देऊ नकोस, ते वाक्य बरोबर होतं,' असं म्हणणं म्हणजे उत्तर सांगणंच. नुसतं 'लक्ष देऊ नकोस' म्हणावं, तरी तो खोडलेल्या वाक्यांकडे परत जाणार, म्हणजे तीही मदतच. उठून बाहेर जावं तर खोलीत पर्यवेक्षक नाही. शिपायाला हाक मारावी तर दुसऱ्या कुणाला पाठवणार? बांगड्या काढून ठेवाव्यात तर त्या पुतणीच्या लग्नात कासारानं साबण लावून, हाताची हाडं दाबून चढवलेल्या, गच्च हिरव्या. तशा निघणाऱ्या नव्हत्या. टेबलावर आपटाव्यात हेही मनात येऊन गेलं. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि आपल्या हातानं वाढवली तर सासूबाई आठवडाभर बोलल्या नसत्या. ते चाललं असतं. पण तो आवाज त्यानं काय समजून घेतला असता?

मी दम रोखून पर्समधून हातरुमाल काढला. एका हातानं, इंचाइंचानं. डाव्या मनगटावर गुंडाळला, दातात टोक धरून गाठ मारली. उजव्या हातासाठी काही नव्हतं. पदराचं टोक त्या बांगड्यांभोवती घट्ट फिरवलं आणि तो हात मांडीखाली दाबून बसले. पन्नाशीला टेकलेली बाई, हातावर बसलेली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी डोळ्यांनीच तिला कागद दाखवला.

तो बोलत होता, पण लय बिघडली होती. वाक्य, मग लांब थांबा. आणखी लांब. मान माझ्याकडे. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. शेवटी त्यानं विचारलं, "मॅडम, आहात ना?"

"आहे. पेपर लिही."

माझा आवाज मलाच रागीट वाटला. तो गोंधळला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला आणि गप्प बसून राहिला. मुलीचं पेन कागदावर तसंच टेकलेलं. वेळ चालला होता आणि तो काहीच सांगत नव्हता. मला रडू येईल असं वाटलं. नोकरी, वडील, तीन वर्षं, सगळं त्या शांततेत बसलं होतं आणि एवढासा आवाज केला असता तर गाडं पुढं सरकलं असतं.

त्याच वेळी दार ढकलून भरारी पथक आत आलं. तीन माणसं, पुढे एक बाई, दुसऱ्या कॉलेजच्या असाव्यात, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी लेखनिकेचं ओळखपत्र बघितलं, परवानगीचा कागद बघितला, प्रश्नपत्रिका उचलली आणि माझ्याकडे वळल्या.

"आपला विषय?"

"इतिहास."

"आणि पेपर इतिहासाचा."

"हो. दुसरं कुणी नव्हतं. अहवालात लिहिलंय, प्राचार्यांची सही आहे."

बाईंनी अहवाल वाचला. त्यांच्याबरोबरच्या एका सरांनी उत्तरपत्रिका चाळली आणि त्या खोडलेल्या ओळींवर बोट ठेवलं. मला वाटलं, संपलं. पेपर रद्द करायला एवढं पुरे होतं. विषयाची शिक्षिका समोर बसलेली आणि उत्तरात खाडाखोड. वडील बाहेर लिंबाखाली बसले होते, ते खिडकीतून दिसत होते.

मग बाईंची नजर माझ्या मनगटावर गेली. "हे काय बांधलंय? लागलंय का?"

हो म्हणाले असते तर विषय तिथंच मिटला असता. पण माझ्या तोंडून खोटं निघालं नाही. खरं तर ते निघालं नाही याचा मला नंतर आनंद झाला, त्या क्षणी नुसती भीती वाटली.

"बांगड्या वाजतात," मी म्हणाले. "त्याला त्या ऐकू येतात. मी वर्गात त्याची शिक्षिका आहे. माझ्या हालण्यातनं त्याला काही कळू नये, म्हणून बांधल्या."

बाई माझ्याकडे बघत होत्या, मी त्याच्याकडे. त्याचे कान लाल झाले. तो समजला. मी मुद्दाम गप्प होते हे त्याला कळलं, आणि मला काय कळलं होतं तेही कळलं.

"तुला मॅडमनी काही सांगितलं का?" बाईंनी त्याला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मीच ऐकत होतो."

सर काही बोलायला गेले, बाईंनी हात वर केला. कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसल्या. "मी आता इथंच बसते. तुम्ही दोघं पुढच्या खोल्या बघा," त्या सोबतच्यांना म्हणाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही बसा. पण तो रुमाल राहू द्या."

त्यांच्याही हातात बांगड्या होत्या. बसल्यावर त्यांनी त्या कोपरापर्यंत मागे सारल्या आणि पदरात घेतल्या.

थोड्याच वेळात मोठी घंटा झाली. बाकीच्या मुलांचा पेपर सुटला, वऱ्हांडाभर गलका. शिपाई उत्तरपत्रिका घ्यायला दारात येऊन उभा राहिला. "द्या म्याडम, कुलूप लावायचंय."

"याला अजून वेळ आहे. तासामागे वीस मिनिटं जादा," मी म्हणाले.

"सायबांनी सांगितलंय समदं गोळा करा म्हून."

"साहेबांना म्हणावं, नियमबाई देत नाही."

कोपऱ्यातल्या बाई प्रथमच हसल्या. शिपाई गेला. गलका हळूहळू ओसरला. पत्रे तडतडत होते. आणि तो अजूनही गप्प होता. मग त्यानं टेबलावर दोन्ही तळवे ठेवले आणि मुलीला म्हणाला, "मोठं उत्तर सुरुवातीपासून वाच. खोडलेलंसुद्धा."

तिनं वाचलं. तो खाली मान घालून ऐकत होता, माझ्याकडे नाही. चौरीचौराचं वाक्य आलं. "ते परत लिही," तो म्हणाला. माझ्या छातीवरचा दगड उतरला. पण तेवढ्यात तो म्हणाला, "आणि ते मिठाचं. तेही परत लिही."

मुलीनं लिहिलं.

"त्याच्याखाली लिही, सोलापुरात मार्शल लॉ पुकारण्यात आला."

मी डोळे मिटून घेतले. मांडीखालच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. उत्तर चुकत होतं, माझ्या समोर, माझ्या विषयात, माझ्या आवडत्या विद्यार्थ्याचं, आणि मला ते ऐकत बसायचं होतं. लेखनिक मिळवणं, खोली मिळवणं, वेळ मिळवणं, यासाठी मी दिवसभर भांडले असते. ते मला जमतं. हे जमत नव्हतं. पण त्याच्यासाठी माझ्यावर जे जे कायद्यानं टाकलेलं होतं, त्यात हेही होतं.

मार्शल लॉवर तो पाच-सहा वाक्यं बोलला. छान बोलला. मी वर्गात सांगते त्याच्यापेक्षा छान. मग टेबलावर बोट आपटून पुढच्या प्रश्नावर गेला आणि वेळ संपायच्या आत पेपर पुरा केला. पथकाच्या बाईंनी उत्तरपत्रिकेवर सही केली, अहवालात काय ते लिहिलं आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. पेपर रद्द झाला नाही. पुढे निकालात तो पास झाला, इतर सगळ्या विषयांपेक्षा इतिहासात कमी गुण घेऊन. जागा त्याला मिळाली. प्राचार्यांनी त्याच्या सत्कारात 'आमच्या कॉलेजनं तातडीनं लेखनिक उपलब्ध करून दिला' असं सांगितलं आणि मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षीची लेखनिकांची यादी त्याच आठवड्यात लागली, पहिल्या क्रमांकावर ती शुक्रवार पेठेतली मुलगी.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही दोघं खोलीतून बाहेर पडलो. मी दातांनी गाठ सोडवत होते. रुमाल निघाला तशा बांगड्या खळकन खाली आल्या आणि तो ओळखीचा माणूस भेटल्यासारखा हसला.

"रागावलात, मॅडम?"

"नाही. तू?"

"पहिल्यांदा घाबरलो. मग आला थोडा राग." काठीनं त्यानं जिन्याची कड शोधली. "वर्गात बाकीच्यांना तुमचा चेहरा दिसतो की. मला तेवढंच होतं."

मी रुमाल पर्समध्ये टाकला. त्याच्या बाजूनं पायऱ्या उतरत राहिले, हात न धरता, कारण हात धरलेला त्याला आवडत नाही.

"मीठ चुकलं ना?" मधल्या पायरीवर त्यानं विचारलं. आता सांगायला हरकत नव्हती.

"चुकलं."

"मला वाटलंच हुतं," तो म्हणाला.

फाटकाशी वडील लिंबाखालून उठले. रात्रभराचं जागरण, ऊन, आणि आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही, असा तो चेहरा. "कसा गेला रं?"

"एक उत्तर चुकलं, आप्पा. मोठं."

वडिलांनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज बसला. "चुकलं, आन् हसतूस व्हय?"

"माझं मी चुकलो, आप्पा," तो म्हणाला, काठीची घडी घातली आणि चाचपडत गाडीच्या मागच्या सीटवर बसला.